बेंबीएवढं पाणी

अलिबागला आमच्या घरी तिथी पाहायचे ते उपासतापासासाठी नाही, भरतीसाठी. तिथीचे पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास भरती. अमावास्येलाही तेच. पाहुणे आले आणि समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायचं म्हणाले, की बाबा कॅलेंडरकडे एक नजर टाकायचे आणि सांगायचे, "साडेचारला निघा, सहाच्या आत परत फिरा. नाहीतर होडीचे पैसे मोजा."

त्यामुळे पाणी किती खोल आहे हे घड्याळाला विचारायची मला सवय. टेक्सासमध्ये ती काही कामाला आली नाही.

मी सॅन अँटोनियोत राहते, एका इस्पितळात बिलिंगचं काम करते, वय एकोणपन्नास. विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्याने जाणं, त्रेचाळिसाव्या वर्षी शिकले आणि फॉइल, म्हणजे पाण्याखालच्या पंखावर तोच बोर्ड उचलून उडवणं, सेहेचाळिसाव्या. हे आधीच सांगून टाकते, कारण व्हिडिओत दिसणारी विशीतली पोरं आणि मी यांच्यात फक्त वारा सामाईक आहे.

घरून आय-३७ हायवे धरायचा, सरळ दक्षिणेला कॉर्पस क्रिस्टी, तिथून लांब पूल ओलांडून पाद्रे आयलंड, आणि राष्ट्रीय किनारा म्हणून राखलेल्या पट्ट्यात शिरलं की उजव्या हाताला बर्ड आयलंड बेसिन, माझी विंडसर्फिंगची जागा. पावणेतीन तास. हे बेट म्हणजे वाळूची एक लांबच लांब पट्टी आहे. तिच्या पूर्वेला मेक्सिकोचं आखात, तिथे लाटा, गर्दी, छत्र्या. पश्चिमेला लगूना माद्रे, म्हणजे स्पॅनिशमध्ये आई-सरोवर. लांबी दोनशे किलोमीटरच्या आसपास आणि सरासरी खोली जेमतेम एक मीटर. दोनशे किलोमीटर लांब परात म्हणा.

वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत इथे आग्नेयेचा वारा दुपारी हमखास उठतो. तो आखातावरून येतो, बेटावरच्या बुटक्या टेकड्या ओलांडतो आणि आमच्या बाजूच्या पाण्यावर उतरतो. लाट तयार व्हायला वाऱ्याला मोकळं पाणी लांबवर लागतं आणि पाण्याला खोलीही लागते. इथे किनाऱ्याजवळ दोन्ही नाही. म्हणून वीस नॉटचा, म्हणजे ताशी सदतीस किलोमीटरचा, वारा कानात भणभणत असतो आणि पाण्यावर मात्र ताकाच्या भांड्यात फुंकर मारल्यासारख्या सुरकुत्या. विंडसर्फिंग शिकायला याहून सोपी जागा मी पाहिलेली नाही. पडलात तर उभं राहायचं, इतकंच.

बाबांचा पहिला प्रश्न अर्थातच "बुडलीस तर?" हा होता.

"बाबा, उभं राहिलं की बेंबीपर्यंत येतं."

"मग त्यात शीड कशाला? चालत जा की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता फॉइल. बोर्डाच्या पोटाखाली एरवी एक फिन असतो, माशाच्या परासारखा. तो काढून तिथे एक उभा खांब लावायचा. खांबाच्या तळाला आडवी दांडी, दांडीच्या पुढच्या टोकाला मोठा पंख, मागच्या टोकाला छोटा. बोर्ड पुढे सरकू लागला की हा पंख पाण्यात तेच करतो जे विमानाचा पंख हवेत करतो. फक्त पाणी हवेपेक्षा आठशेपट दाट, म्हणून पाटाएवढा पंखही माणसासकट बोर्ड उचलतो. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. त्यामुळे एका क्षणी बोर्ड पाण्याला चिकटून असतो आणि पुढच्या क्षणी नसतो. मधलं काही नाही. (इंग्रजीत शिडाच्या काठीलाही मास्ट म्हणतात आणि फॉइलच्या खांबालाही मास्ट. शिकवताना मास्तर "मास्ट धर" म्हणाला की मी दर वेळी चुकीचा धरायची. तेव्हापासून मनातल्या मनात वरची ती डोलकाठी आणि खालचा तो खांब.)

फायदा असा, की फिनवर तरंगायला मला पंधरा नॉट वारा आणि साडेसात चौरस मीटरचं अवजड शीड लागतं. फॉइलवर दहा-बारा नॉटला पाच चौरस मीटरचं शीड पुरतं. पन्नाशीला टेकलेल्या खांद्यांना हा फरक लगेच कळतो.

तोटा असा, की खांब पाण्यात मावला पाहिजे.

पहिला खांब मी जुना घेतला, पंचाण्णव सेंटीमीटरचा. विकणारा भला माणूस होता, म्हणाला, "लांब खांबावर शिकणं सोपं, उंचीत चूक खपते." ते खरंच आहे. लांब खांबावर बोर्ड थोडा खालीवर झाला तरी पंख पाण्यातच राहतो. पंख पृष्ठभागाच्या फार जवळ आला, की वरून हवा ओढून घेतो आणि उचल एकदम जाते. आपण पायरी चुकल्यासारखे खाली. लांब खांबाला हा धोका कमी. पण माझी उंची पाच फूट दोन इंच. पंचाण्णव सेंटीमीटर म्हणजे माझी बेंबी, बरोब्बर. त्यात बोर्डाचं बूड पाण्यात जातं ते वेगळं. म्हणजे निघायलाच मला छातीच्या जवळपास पाणी हवं आणि बेसिनमध्ये तेवढं पाणी गाठायला कितीतरी चालावं लागतं. बोर्ड उलटा करायचा, खांब आकाशाकडे, शीड शेजारी पाण्यावर आडवं, आणि पाय न उचलता घासत घासत जायचं. घासत अशासाठी, की तळाशी वाळूत पाकटं झोपलेली असतात. पाय उचलून टाकला तर त्यांच्या पाठीवर पडतो आणि शेपटीचा काटा घोट्यात. घासत गेलात तर ती आधीच सरकतात. सगळे जण असेच चालतात, रांगेत, गुडघे न वाकवता. लांबून पाहणाऱ्याला वाटेल कसलीतरी मिरवणूक निघाली आहे.

आता जुलैमधली गोष्ट. शनिवार, बारा-तेरा नॉट, आकाश पांढरट. मी छान उडत होते. उडताना पहिल्यांदा जाणवतं ते आवाज जाणं. बोर्डाखालची फटफट थांबते आणि खालून फक्त बारीक गुणगुण येते, मिक्सर शेजारच्या घरात चालू असावा तशी. पाणी इतकं सपाट होतं की मी हार्नेसमध्ये, म्हणजे शिडाला अडकवलेल्या कमरेच्या पट्ट्यात, टेकून, मान वळवून इकडेतिकडे बघत होते. पुढे फिकट पिवळ्या पाण्याचा पट्टा दिसला. वाळू, म्हणजे उथळ. मी शहाणपणाने वळून गडद पाण्याकडे गेले. गडद म्हणजे खोल, नाही का?

अलिबागच्या समुद्रात पाण्याच्या रंगावरून काही कळत नाही. तिथे सगळंच चहाच्या रंगाचं. हे काचेसारखं पाणी बघून मला वाटलं होतं की आता तळ वाचता येतो. पण लगूनमधला गडद रंग खोलीचा नसतो, गवताचा असतो. समुद्री गवताची कुरणं आहेत तळाशी, आणि ती जास्त करून उथळातच, कारण गवताला ऊन लागतं. मी ज्याला खोल समजले ती गुडघ्याच्या थोडं वर पाणी असलेली हिरवळ होती.

तरीही काही झालं नाही. हेच मला नीट सांगायचं आहे. मी उंच उडत होते, बोर्ड पाण्याच्या दोन-अडीच वीत वर, म्हणजे पंख जेमतेम चाळीस सेंटीमीटर पाण्यात. साठ-पासष्ट सेंटीमीटर पाण्यावरून मी सुखरूप चालले होते.  फिनवर असताना पाणी उथळ झालं की फिन तळाला घासतो आणि कळतं. फॉइल काही सांगत नाही. वर असताना सगळं पाणी सारखंच खोल.

मग वारा पडला. पूर्ण नाही, दोन-तीन सेकंद ढिला झाला. वेग उतरला, उचल उतरली, बोर्ड खाली आला. पण पंचाण्णवचा खांब पासष्टमध्ये उतरणार कुठे? पंख तळात रुतला, बोर्ड जागच्या जागी थांबला, आणि मी हार्नेसला अडकलेली असल्यामुळे शिडासकट पुढे फेकले गेले. बरगडी डोलकाठीवर आपटली. आपटण्याचा आवाज आधी आला आणि दुखणं नंतर.

उठून उभी राहिले तर पाणी मांडीपर्यंतही नव्हतं. बोर्डाच्या नाकाला लिंबाएवढा खळगा. खांब तिरका उभा, आणि पुढच्या पंखावर काळ्या चिखलासकट मुळं गुंडाळलेली. त्या चिखलाचा वास मात्र थेट अलिबागचा, खाजणातल्या कुजक्या पाल्याचा. बरगडी धरून मी तिथे उभी राहिले आणि मला आधी रेवदंड्याची खाडी आठवली, मग डॉक्टर.

मोडलेलं काही नव्हतं. सहा आठवडे शिंकताना उशी पोटाशी धरायची, एवढंच. बाबांना मी सांगितलं की जिन्यात घसरले. (बाबा, हे वाचत असाल तर सॉरी.)

त्या सहा आठवड्यांत मी एक काम केलं, तिथल्या पाण्याचा हिशेब मांडला. बिलिंगवाली बाई दुसरं काय करणार! बर्ड आयलंडजवळ पाण्याची पातळी मोजणारं केंद्र आहे, साउथ बर्ड आयलंड नावाचं, त्याचे आकडे सगळ्यांना बघता येतात. अलिबागला उधाणाच्या दिवसांत पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. इथे चंद्राची भरती इतकी किरकोळ की आलेखात ती शोधावी लागते. सहा-सात सेंटीमीटर म्हणजे खूप. आखाताला जोडणारी तोंडं थोडी आणि दूर, मधे अरुंद बेट. पाणी आत येईपर्यंत ओहोटी सुरू. इथलं पाणी हलतं ते वाऱ्याने आणि ऋतूने. एकाच दिशेचा वारा सलग दोन-तीन दिवस धरून राहिला की पाणी एका कडेला लोटलं जातं. आणि वर्षाच्या चक्रात सप्टेंबर-ऑक्टोबरला पाणी चढतं, भर हिवाळ्यात आणि जुलैच्या सुमारास उतरतं. म्हणजे मी वर्षातल्या एका उथळ महिन्यात, सर्वांत लांब खांब घेऊन, गवताला खोली समजून गेले होते. पाऊणपटीचा हिशेब इथे शून्य.

तेव्हा मी साठचा खांब घेतला. साठवाल्याला लोक शिकाऊ समजतात. किनाऱ्यावर एकाने "ट्रेनिंग व्हील्स का?" असं विचारलंही. मला त्याचा राग आला नाही, कारण त्याला माहीत नव्हतं की साठवर उडणं जास्त अवघड आहे. पंचाण्णववर तुम्हाला उंचीत चुकायला भरपूर जागा. साठवर एक वीत वर, फार तर सव्वा. त्याहून वर गेलात की पंख हवा खातो, त्याहून खाली आलात की बोर्ड पाण्याला लागतो. पुढच्या पायाचा अंगठा दाबायचा की सोडायचा एवढ्यावर सगळं चालतं. पोळी लाटताना कडेला हात हलका करतो ना, तसा पाय हलका करावा लागतो. लाटांच्या पाण्यात साठचा खांब घेऊन मी कधी जाणार नाही, तिथे तो निरुपयोगी आहे. पण सपाट पाण्यात खालीवर ढकलणारं कोणी नसतं. चूक होते ती आपलीच, आणि म्हणून ती सुधारताही येते. लांब खांब हवाच त्याने खोल पाण्यावर जावं. परातीत बादली उतरवायचा हट्ट कशाला?

आणि एक नियम स्वतःला घालून घेतला. जिथे खाली उतरता येणार नाही तिथे वरून जायचं नाही. आता निघण्याआधी मी चालत जाते, पाय घासत, हेल्मेट घालून, आणि पाणी मांडीच्या वर, नितंबापर्यंत आहे ती रेघ कुठून कुठे जाते ते बघते. बोटींसाठी रोवलेले खांब, एक पाटी, पलीकडचं कालव्याच्या गाळाचं बेट, अशा खुणा मनात धरते. मग त्या रेघेच्या आतच येरझाऱ्या. दीडशे येरझाऱ्या त्याच पट्ट्यात झाल्या तरी चालतात मला. मी आयुष्यभर एकाच रस्त्याने नोकरीला गेले आहे.

त्या बेटांविषयी थोडं. लगूनच्या मधून इंट्राकोस्टल कालवा जातो, १९४९मध्ये पुरा झालेला, मालवाहू बार्जेससाठी बारा फूट खोल खणलेला. खणलेला गाळ कडेला टाकला त्याची बेटं झाली, त्यांवर आता पेलिकन बसतात. कालव्याआधी इथलं पाणी दुष्काळात समुद्राच्या दुप्पट-तिप्पट खारं व्हायचं, कारण नद्या जवळपास नाहीत आणि ऊन मुबलक. कालव्याने पाणी जरा फिरतं झालं. तरीही अजून कोरड्या उन्हाळ्यात ते समुद्राहून खारंच. अंग वाळलं की हातावर पांढरी पावडर राहते. लहानपणी पेणच्या बाजूला जाताना रस्त्याकडेला मिठागरं लागायची, त्यातल्या एखाद्या खाचरात लोळून आल्यासारखं.

या मिठाने माझं जेवढं नुकसान केलं तेवढं तळानेही नाही. खांब अ‍ॅल्युमिनियमचा, स्क्रू स्टीलचे, मधे खारं पाणी. दोन धातू असे भेटले की अ‍ॅल्युमिनियम कुजायला लागतं आणि स्क्रू जाम होतो. पहिल्या वर्षी मी फॉइल जोडलेलंच गॅरेजमध्ये ठेवलं. तीन आठवड्यांनी स्क्रू हलेना. उकळतं पाणी ओतलं, तेल सोडलं, नवऱ्याने पाना लावला तर स्क्रूचं डोकंच झिजलं. शेवटी यंत्रशाळेत नेऊन तो ड्रिल करून काढावा लागला, त्या माणसाने स्क्रूपेक्षा दहापट पैसे घेतले आणि वर "बोट आहे का तुमची?" असं विचारलं. आता बेसिनवरून निघण्याआधीच सगळे स्क्रू ढिले करते, गोड्या पाण्याने धुते, घरी आल्यावर ग्रीस लावते. घरी लोणच्याच्या बरणीला जेवढी मी जपत नाही तेवढी या आठ स्क्रूंना जपते.

गवताचंही सांगायला हवं. टेक्सासमधलं बहुतेक समुद्री गवत या एकाच लगूनमध्ये आहे. मासळीची पिल्लं त्यात वाढतात, बगळे त्यात शिकार करतात. २०१३पासून बोटीच्या पंख्याने ते उपटणं हा या राज्यात गुन्हा आहे. माझ्या फॉइलला पंखा नाही, त्यामुळे कायद्याने मी सुटते. पण त्या दिवशी मुळं हातात घेऊन उभी होते तेव्हा कायद्याचं काही वाटलं नाही, शेतातून गाडी घातल्यासारखं वाटलं. उन्हाळ्याच्या शेवटी सुटलेलं गवत पाण्यावर तरंगत येतं ते निराळं. त्याची एक वेणी खांबाला अडकली की फॉइल थरथरायला लागतं, बोर्ड उचलत नाही, आणि आपल्याला वाटतं वारा गेला. उतरायचं, हाताने ओढून काढायचं, परत निघायचं. एका तासात मी अकरा वेळा उतरले आहे. त्याला इलाज नाही, आणि कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

२०२४च्या ऑलिम्पिकमध्ये विंडसर्फिंग पहिल्यांदा फॉइलवर झालं, मार्सेच्या समुद्रात. मी बाबांना रेकॉर्डिंग बघायला सांगितलं. बायकांमध्ये इटलीची मार्ता माज्जेत्ती जिंकली. बाबांनी सगळं पाहिलं आणि फोन केला.

"त्या मुली पाण्यापासून केवढ्या उंच आहेत! तू तर जमिनीला चिकटून असतेस."

"बाबा, त्यांचा खांब पंचाण्णवचा असतो. तिथे खोल आहे."

"मग तू तसा का नाही घेत?"

"होता माझ्याकडे."

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जिन्यात घसरलीस तेव्हा?"

ऑक्टोबरमध्ये परत गेले. केंद्राच्या आलेखावर पाणी जुलैपेक्षा चांगलं वीतभर वर. वारा चौदा नॉट, पाणी इतकं चढलेलं की ज्या हिरवळीवर आपटले होते तिथे आता साठच्या खांबाला जागा होती. आधी चालत जाऊन पाहिलं, दोनदा. मग त्यावरून उडत गेले. सूर्य कलला होता, माझी आणि शिडाची सावली तळावर शेजारी पळत होती, गवत एका बाजूला विंचरल्यासारखं झुकलेलं. एक पाकट माझ्या पुढून उठलं, पंख हलवत थोडं पळालं आणि पुन्हा वाळूत बसलं, वाळूचा बारीक ढग स्वतःवर ओढून. मुलेट मासे उड्या मारत होते, त्याही माझ्याएवढ्याच उंच.

संध्याकाळी साडेसहाला गाडीत बसून स्क्रू डबीत ठेवले आणि बाबांना फोन लावला. तिकडे पहाटेचे पाच, ते उठलेले असतातच.

"पाणी होतं का?" त्यांनी विचारलं.

"होतं. वीतभर जास्त."

"आज तिथी कोणती?"

"बाबा, इथे तिथी चालत नाही, सांगितलं ना."

"अगं, तुझ्यासाठी नाही विचारत." कॅलेंडरचं पान फडफडल्याचा आवाज आला. "नवमी. नवाचे पाऊणपट पावणेसात. म्हणजे पुळण थोडीच उरेल. चल, ठेवतो, मला चालायला निघायला हवं."